डोक्यावरची घागर

मंजुळाबाईची मान म्हणजे चिंचखेड्यात बोलायचा विषय होता. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, हात मोकळे, आणि बाई विहिरीपासून घरापर्यंत भांडत भांडत यायची, थेंब सांडायचा नाही. भांडायला कोणीही चालायचं. रस्त्यात बसलेला कुत्रा असला तरी चालायचं. नवरा सुकदेव म्हणायचा, "हिचं तोंड आणि हिची मान, दोन्ही देवानं एकदाच घडवलं, नंतर साचाच मोडून टाकला."

पण आखाजीच्या त्या दिवशी ही बाई सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कसं येणार! आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, सांजोऱ्या तळल्या जातायत, आंब्याचा रस निघतोय. आणि घराघरात गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरून ठेवायची, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पिकलेलं, वासानं अख्खं घर भरून टाकणारं. उन्हाळ्यात मेलेल्या माणसालाही तहान लागते ना. मंजुळाबाईच्या घरात सासऱ्याची घागर भरलेली होती. चुलतसासऱ्याची भरलेली होती. पुतण्याला लहानपणी सांभाळणाऱ्या कुठल्यातरी आत्याचीसुद्धा भरलेली होती!

वनाची नव्हती.

वना म्हणजे मंजुळाबाईचा पहिला मुलगा. मानमोडीच्या साथीत गेला, चार महिन्यांचा होता. त्या साली सुकदेव बैलगाडीनं दगड वाहायला हिंगवाड्याला होता. तिथं गोऱ्या लोकांचं जुनं गिरजाघर आहे, त्याच्या कबरस्तानाच्या भिंतीचं काम निघालं होतं. नवरा-बायको तिथंच पाल ठोकून राहिले होते. आणि मग ताप आला, अख्ख्या गावाला एकदम. सुकदेव बेशुद्ध पडलेला, गावात माणूस उठायला तयार नाही, नदीपर्यंत कोण जाणार? भिंतीचा चुना मळणारा हारुनभाई तेवढा उभा होता. त्यानं म्हाताऱ्या पाद्रीला हातानंच विचारलं, पाद्रीनं मान हलवली, आणि हारुनभाईनं कबरस्तानाच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून, निंबाखाली खड्डा केला. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात, त्यामुळे त्यात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे.

पुढे सासूनं, सुंदरबाईनं, सांगितलं, "त्या जागावर परत जावानं नही. जीव घोटाळस पोऱ्याना." मंजुळाबाई गेली नाही. घागर भरू म्हणाली तर सुंदरबाई म्हणाली, "दूधपित्या पोऱ्यानी घागर भरतस का कोठे? दात बी नव्हतात त्याले!" मंजुळाबाईनं भरली नाही. सगळ्या जगाशी भांडणारी बाई, पण या एका गोष्टीत वीस वर्षं गप्प बसली.

आणि आता धाकटी लेक पुष्पा आखाजीला माहेरी आली होती, सातवा महिना लागलेला. पहिली दोन बाळं हाताला लागली नव्हती. एक पोटातच, दुसरं सव्वा महिन्याचं. झोक्यावर बसायला मैत्रिणी ओढत होत्या तर पोट धरून नुसती हसत होती बिचारी. ते हसणं बघून मंजुळाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. तहानलेला भाऊ आहे हिचा. वीस उन्हाळे पाण्यावाचून काढलेत त्यानं. तो कसा येऊ देईल कोणाला?

"मी डांगर लई येस," एवढं म्हणून ती निघाली. घरात डांगरं चार होती. कोणी विचारलं नाही.

हिंगवाडा म्हणजे नदी ओलांडून, शेतातनं, भर वैशाखात. नवी कोरी घागर काखेत, डांगर ओच्यात बांधलेलं. गिरजाघराच्या समोरच्या विहिरीवर तिनं घागर भरली, डोक्यावर चढवली, वर डांगर ठेवलं. आणि फाटकापाशी येऊन बघते तर फाटकाला हे एवढं कुलूप!

आता घागर एकदा भरून उचलली की ज्याची त्याच्या जागेवरच टेकवायची, मध्ये जमिनीला लावायची नाही. हे मंजुळाबाईला चांगलं ठाऊक होतं. आधी फाटक बघायचं, मग घागर भरायची, एवढी साधी गोष्ट! पण वीस वर्षांची घाई होती ना. स्वतःवरच इतकी चिडली की फाटकाला लाथच घातली.

"कोण आहे? ए! फाटक सरकारी आहे!"

आतून चौकीदार आला. याकोब त्याचं नाव. चाळिशीचा, अंगात साहेबाचा जुना कोट, उन्हाळ्यात! खाली धोतर. हातात झारी, कारण उद्या धुळ्याहून पाद्रीसाहेब तपासणीला येणार होते आणि हा सकाळपासून गुलाबाला पाणी घालत होता.

"दार उघड ना भाऊ."

याकोबनं घागर बघितली, डांगर बघितलं, आणि दोन पावलं मागं सरकला. "नाही नाही नाही. पूजाबिजा नाही. मागल्या साली कोणीतरी कॅप्टनसाहेबाच्या कबरीला शेंदूर फासला, नारळ फोडला. साहेब मला काढायलाच निघाले होते. घासून घासून माझी नखं गेली."

"मी शेंदूर लई नही उनू. पानी शे."

"पाणी पण नाही."

"मना पोऱ्या शे आठे!"

"इथं साहेबलोक आहेत बाई. तुझा पोरगा कुठून येईल?"

मंजुळाबाईनं सगळं सांगितलं. मानमोडी, हारुनभाई, निंब. याकोब ऐकत होता, पण ऐकताना रस्त्याकडे बघत होता, धुळ्याचा साहेब आजच टपकतो की काय म्हणून. शेवटी म्हणाला, "हे बघ. पूजेला कोणालाच सोडता येत नाही. पण गिरजाघर बघायला कोणीही येऊ शकतं, तसा हुकूम आहे. तू बघायला आलीस असं म्हण."

"उनू देखाले."

"मग बघावं लागेल. सगळं. आधी गिरजाघर, माहिती, मग कबरस्तान. मी साहेबाला खोटं सांगत नाही. आणि ते डोक्यावरचं खाली ठेव."

"ठेवता येत नही."

"मग तशीच चल. मला काय!"

आणि तशी मंजुळाबाई आयुष्यात पहिल्यांदा गिरजाघरात शिरली, डोक्यावर भरलेली घागर, घागरीवर डांगर. एक बरं, गोऱ्यांनी दार उंच केलं होतं. वाकावं लागलं नाही.

आत गार होतं. लाकडाची बाकं ओळीनं, वरच्या खिडकीत रंगीत काचा, फरशीवर लाल-निळं ऊन पडलेलं. याकोबनं कोटाचं बटण लावलं, हात मागं बांधले आणि गळा साफ केला. आवाजच बदलला त्याचा!

"हे गिरजाघर पलटणीच्या वेळचं. साहेबलोकांनी काळ्या दगडात बांधलं. लाकूड सातपुड्याचं. घंटा विलायतेहून गलबतानं मुंबईला आली, मुंबईहून बैलगाडीनं निघाली, आणि घाटात गाडीचा आस मोडला..."

"देव कोठे शे तुमना?"

याकोब थांबला. तोंड उघडंच राहिलं त्याचं. "मध्ये बोलू नको ना! मी पाठ केलंय ते. मध्ये बोललं की तुटतं. मग पहिल्यापासून घ्यावं लागतं."

"मंग घे ना पुढे, आस मोडना तठून!"

"तसं येत नाही." आणि त्यानं परत हात मागं बांधले. "हे गिरजाघर पलटणीच्या वेळचं. साहेबलोकांनी काळ्या दगडात..."

मंजुळाबाईनं ओठ आवळले. लाकूड सातपुड्याचं झालं. घंटा गलबतात बसली. घागरीचं बूड डोक्याला रुतायला लागलं होतं, घरून आणलेली चुंबळ पातळ होती, मानेतनं कळ खांद्यात उतरत होती. घंटा मुंबईला पोचली. बैलगाडी निघाली. आस मोडला. नवा आस घातला. घंटा वर चढवायला हत्ती आणला होता म्हणे.

"हत्ती उना व्हता? आठे?" तिच्या तोंडून निघून गेलं. काय करणार, तोंडच तसलं!

याकोबनं परत गळा साफ केला.

"नही नही! मी काही बोलनू नही!"

"हे गिरजाघर," याकोब म्हणाला, "पलटणीच्या वेळचं..."

तिला रडूच आलं असतं, पण रडलं की मान हलते. म्हणून ती रडली नाही. मनातल्या मनात त्या पलटणीला, त्या घंटेला, त्या हत्तीला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत उभी राहिली. तिसऱ्या वेळी हत्तीनं घंटा चढवली, याकोबनं सुस्कारा सोडला, दोघंही मागच्या दारानं कबरस्तानात आले.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गवत वाळून पिवळं झालेलं, त्यात दगडी कबरी, काही उभ्या, काही कलंडलेल्या. आणि याकोबचा पाठ इथंही होताच.

"हे कॅप्टनसाहेब. वाघानं फाडले. या त्यांच्या मडम, पटकीनं गेल्या. हे लेफ्टनंट, घोड्यावरून पडले. हे त्यांचं बाळ, वय अकरा दिवस..."

मंजुळाबाई थांबली. वीतभर दगड होता, वर कोरलेलं एक फूल.

या वेळी ती मध्ये बोलली, आणि याकोबनं परत पहिल्यापासून सुरू केलं असतं तर तिनं घागर त्याच्याच डोक्यात घातली असती.

"अकरा दिवसनं पोर? त्याले दगड मांडा?"

"हो. नाव पण कोरलंय."

"दात बी नसतीन त्याले."

"कशाला असतील? अकरा दिवसांचं बाळ."

ती बघत राहिली. म्हणजे गोऱ्यांच्या घरात पण सासू असेल ना? तिनं नाही सांगितलं, तोंड मिटून बस म्हणून? कोणीतरी पाथरवट बोलावला असेल. फूल काढ म्हणून सांगितलं असेल. आणि आपण? आपण वीस वर्षं दुसऱ्याच्या आत्याची घागर भरत बसलो!

"मना पोऱ्याकडे चाल," ती म्हणाली.

"भिंतीला लागून म्हणालीस ना? ही बघ भिंत."

ती भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. डोकं न हलवता नुसते डोळे फिरवत राहिली, उजवीकडे, डावीकडे.

"निंब कोठे गया?"

"कोणता निंब?"

"मोठा निंब व्हता! भिंतले चिकटेल!"

"इथं मी आल्यापासून निंब नाही." याकोबनं डोकं खाजवलं. "अं... ऐकलं होतं खरं. भिंत मागं सरकवली म्हणे, जागा पुरेना म्हणून. तेव्हा जुनी भिंत पाडताना झाड आड येत होतं, म्हणून तोडलं."

"कोनी तोडा?"

"मला काय माहीत बाई! मी तेव्हा शिरपूरला होतो."

"हारुनभाईले माहीत व्हतं!"

"हारुन चुनेवाला? तो वारला. पाच-सहा वर्षं झाली असतील."

मंजुळाबाई जी भडकली! झाड तोडणाऱ्यावर, भिंत सरकवणाऱ्यावर, हारुनभाईवर, मरायची एवढी काय घाई होती त्याला! सुकदेववर, जो बेशुद्ध पडला होता. सासूवर. आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. एकदा, फक्त एकदा मधे येऊन गेली असती, निंब उभा होता तेव्हा, एक धोंडा ठेवून गेली असती, तर आज ही वेळ आली असती का? डोक्यावर भरलेली घागर, आणि टेकवायला जागा नाही. या एवढ्या मोठ्या मैदानात तिच्या पोराएवढी जागा नाही!

"ठेव आता खाली," याकोब जरा नरमाईनं म्हणाला. "कुठंही ठेव. देवाला कळतं."

"तुना देवले कळत व्हई. मना पोऱ्याले कसं कळी?"

याकोबनं कोटाचं बटण सोडलं.

ती अनवाणी होती. भिंतीपासून मागं, परत पुढं, अशी रागारागात फिरत होती आणि एका ठिकाणी पायाच्या बोटाला काहीतरी ठेचकाळलं. गवतात दगड होता. त्याच्या पुढं दुसरा. पायानं गवत बाजूला करत ती गेली, दगडांची ओळ लागली, जमिनीबरोबर कापलेली. जुन्या भिंतीचा पाया! सुकदेवनं बैलगाडीनं आणलेले दगड. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली, आणि हिच्याच आतल्या अंगाला कुठंतरी, कुठंतरी...

"आठेच शे," ती म्हणाली.

"कुठं पण?"

"माले माहीत नही कोठे! पण ह्या ओळमाच शे!"

आणि तिनं जे केलं ते कोणत्या शास्त्रात बसत नाही. घागर भरून ठेवायची असते, ओतायची नसते. तिनं डांगर उतरवून ओच्यात घेतलं, घागर डोक्यावरून कमरेवर घेतली, आणि पहिल्या दगडापासून पाण्याची बारीक धार सोडत ती ओळीनं चालायला लागली. मागं न बघता. जमीन इतकी तापलेली की पाणी पडलं की नुसता चर्र आवाज, आणि गेलं. ओला पट्टा मागं राहायचा नाही, पुढं ती आणि मागं कोरडं. काय डोकं फिरवणारा प्रकार! निम्म्याच्या पुढं गेली आणि धार बारीक झाली. अजून बारीक. थेंब. संपली.

ओळ अजून उरली होती. आणि असतं ना आपलं नशीबच तसं, नेमका उरलेल्या भागातच तो असणार, अशी तिची खात्रीच झाली.

ती तिथंच खाली बसली. विहिरीवर परत जायचं तर पायात त्राण नव्हतं. मान तर जागेवर आहे की नाही तेच कळत नव्हतं.

याकोबनं रस्त्याकडे बघितलं. कोट काढला, एका मडमेच्या कबरीवर टाकला. मग गुलाबापाशी गेला, झारी उचलली आणि कुरकुरत आला. "उद्या साहेब विचारतील गुलाब का वाळले. सांगतो हत्तीनं खाल्ले." आणि जिथं तिची धार तुटली होती तिथनं त्यानं झारीनं पाणी घालायला सुरुवात केली, भराभरा, काम उरकल्यासारखं.

"हळू टाक!" मंजुळाबाई बसल्या जागेवरून ओरडली. "पोऱ्या शे तो!"

याकोबनं झारी खाली आणली. अगदी जमिनीजवळ. मग शेवटच्या दगडापर्यंत तो तसाच वाकून गेला.

"नाव काय होतं?" परत येऊन त्यानं विचारलं.

"वना."

याकोबनं मान हलवली. मग त्याची नजर डांगरावर गेली, कारण तिनं ते तोवर पायाच्या दगडावर मांडून ठेवलं होतं. "ए, ते उचल. ते नाही ठेवायचं. साहेबांनी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"मंग खाई टाक."

"मी?"

"आतेच. मनासमोर. आमनामा पित्तरना नाववर कोनीतरी जेवस."

"मी ख्रिस्ती माणूस आहे बाई!"

"मी इचारं का तुले? तीन येळा तुनी घंटा वर चढाई मी. तू एक डांगर खाई नही शकत?"

याकोब हसला नाही, पण त्याला हसू दाबावं लागलं. गवत कापायच्या विळ्यानं त्यानं डांगराच्या फाका केल्या आणि भिंतीच्या सावलीत बसून खायला लागला. भूकही लागली असणार, सकाळपासून गुलाबच करत होता. मंजुळाबाई समोर बसून एकेक फाक मोजल्यासारखी बघत होती. एक फाक त्यानं तिच्यापुढं धरली, तिनं हात हलवला.

"तुना मायबापनी घागर कोन भरस?" तिनं मध्येच विचारलं.

"ठाऊक नाही कोण होते. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात मिशनवाल्यांना सापडलो मी." त्यानं बी थुंकली. "गोड आहे हं डांगर."

"साल पुरी कोर," मंजुळाबाई म्हणाली.

घरी पोचली तेव्हा पंगत उठली होती. झोक्यावरच्या पोरी पांगल्या होत्या, पुष्पा ओट्यावर पाय पसरून बसली होती. सुंदरबाई दारातच. म्हातारी झाली तरी नजर तशीच.

"उनी का महाराणी! आनि डांगर कोठे?"

"खाधं."

"घागर?"

"ऱ्हायनी तठेच." ती खरंच तिथं राहिली होती. याकोबनं गुलाबापाशी नेऊन ठेवली होती, साहेबानं विचारलं तर झाडांची म्हणून सांगणार होता.

"आखाजीना दिन, घरमा पित्तर जेवनात नही तवपावत, एकलीनी बठ्ठं डांगर खाधं?" सुंदरबाईचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. "लाज नही वाटत?"

मंजुळाबाईनं मान चोळली. ती दुखत होती, अजून आठ दिवस दुखणार होती. वीस वर्षांचं भांडण तिच्या तोंडात येऊन बसलं होतं, पण निघालं तेव्हा अगदी थोडंसंच निघालं.

"मी नही खाधं. तुना नातूनी खाधं. वनानी."

ओट्यावर पुष्पानं पोटावरचा हात घट्ट केला. हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"कोण वना, माय?"

"पानी दे आधी माले," मंजुळाबाई म्हणाली आणि लेकीजवळ बसली. "तहान लागनी शे. मंग सांगस."